केळीतला वाघ आणि खानदेशातली मागची दोनशे वर्षं

जळगाव जिल्ह्यात मुक्ताईनगरकडे केळीच्या बागेत वाघ दिसला की मोबाईलवर व्हिडिओ फिरतो आणि खाली ठरलेलं वाक्य, वाघ घुसला, पिंजरा लावा. डोलारखेडा-वढोदा बाजूचे लोक त्यामानाने कमी दचकतात, त्यांचं येणंजाणंच त्याच्या वाटेवरून आहे. पण घुसला कोण, हे बघायचं तर बरंच मागे जावं लागतं.

१८१८ ला इंग्रज खानदेशात आले तेव्हा होळकरांच्या फौजांची लूट, १८०३-०४ चा दुष्काळ अन् वरून पेंढारी, यात गावंच्या गावं ओस पडली होती. पडीक रानात काटेरी झाडोरा माजला आणि वाघ फक्त सातपुड्यात नाही तर खाली तापीच्या सपाटीवर सुद्धा नांदत होता. एकट्या १८२२ साली जंगली जनावरांनी ५०० माणसं आणि २० हजार गुरं मारली अशी जुन्या गॅझेटियरात नोंद आहे, म्हणजे लोकांना वाघ नको होता यात नवल काहीच नाही.

मग वाघ मारायला बक्षिसं लागली. १८२५ पासून इथं भिल्ल पलटण उभी करणारा इंग्रज अधिकारी जेम्स आउट्रम, धरणगावला त्या पलटणीचं ठाणं होतं, त्याच्या एकट्याच्या नावावर दहा वर्षांत १९१ वाघ सांगतात! साहेब धाडसी असेलही, पण माग काढणारे अन् हाका घालणारे (आरडाओरडा करून वाघ उठवणारे) सगळे भिल्ल, आणि त्यांची नावं कुठेच नाहीत. गंमत म्हणजे सातपुड्यातले भिल्ल-पावरा लोक वाघदेवाला आजही पुजतात. पुढे सपाटी नांगराखाली आली, कापूस आला, रेल्वे आली, वाघ डोंगराच्या कडेला गेला.

१९६९ ला यावल अभयारण्य झालं, १९७२ ला वन्यजीव कायदा आला. मेळघाटातून निघालेला तरुण वाघ सातपुड्याच्या कडेनं, पूर्णा नदीच्या अंगानं सरकतो आणि मधे लागते केळी. मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री असताना आत गच्च सावली, ड्रिपनं ओली झालेली माती, आणि कंदावर ताव मारायला आलेली रानडुकरं, त्याला अजून काय पाहिजे. मजुराला सकाळी खोडांच्या ओळीत पंजाचा ठसा दिसतो तो असा.

राहिला पिंजरा. पूर्वी दरवेशी अस्वल घेऊन गावोगाव फिरायचे, आपण पोरं मागे पळायचो, पण पिल्लू असतानाच त्याचं नाकाड भोसकून दोरी ओवलेली असायची हे कोणी सांगितलं नव्हतं. १९९८ मधे केंद्रानं सर्कशीतले वाघ, सिंह, अस्वलं बंद केली आणि २००१ ला सुप्रीम कोर्टानं ते कायम ठेवलं. बंदिस्त वाघ जास्त वर्षं जगतो हे खरंय, आयतं मटण, औषधपाणी, सगळं मिळतं, पण रानात रात्रीत मैलोन्‌मैल चालणारं जनावर तिथं जाळीच्या कडेनं त्याच चार पावलांत येरझारा घालत बसतं.

आणि पकडून लांब सोडणं हा उपाय जुन्नरला बिबट्यांवर करून झालाय, २००१ च्या पुढे. जिथं सोडले तिथंच माणसांवर हल्ले वाढले, कारण अनोळखी मुलुखात ते बिथरतात, आणि इकडे मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येतोच, डुकरं, कुत्री अन् पाणी तर तिथंच असतं ना.