रुंद मानेचे फुगवटे: मेंदूच्या धमनीतील कॉइल आणि स्टेंट

मेंदूच्या तळाशी धमन्यांना जिथे फाटे फुटतात, तिथे वाहत्या रक्ताचा ताण भिंतीवर सर्वाधिक पडतो आणि बहुधा अशाच जागी भिंत कमकुवत होऊन तिला फुगवटा येतो. यालाच अ‍ॅन्युरिझम म्हणतात. प्रौढांपैकी सुमारे ३ टक्के लोकांच्या मेंदूत असा एखादा फुगवटा असतो. त्यांतील बहुतेक लहान असतात आणि आयुष्यभर फुटत नाहीत. येथे विचार करायचा आहे तो मोठ्या फुगवट्यांचा, म्हणजे १० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असलेल्यांचा. २५ मिलिमीटरच्या पुढे गेलेल्यांना डॉक्टर ‘जायंट’ म्हणतात. अशा मोठ्या फुगवट्यांचा फुटण्याचा धोका अधिक असतो, आणि ते फुटले नाहीत तरी शेजारच्या नसांवर, म्हणजे मज्जातंतूंवर, दाब आणतात. मग रुग्णाची एका डोळ्याची नजर मंदावते, पापणी खाली ओघळते किंवा एका वस्तूच्या दोन वस्तू दिसू लागतात, आणि तो बिचारा चष्म्याचा नंबर बदलला असेल असे समजून आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातो.

कवटी उघडून फुगवट्याच्या मानेला, म्हणजे तो धमनीला जिथे जोडलेला असतो त्या तोंडाला, धातूची क्लिप लावण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेतील बाल्टिमोर येथे वॉल्टर डँडी यांनी १९३७ मध्ये प्रथम केली, आणि अनेक रुग्णांसाठी ती आजही उत्तम उपचार आहे. मात्र मेंदूला रक्त पुरवणारी मुख्य कॅरोटिड धमनी कवटीच्या तळाच्या हाडातून जिथे वर येते, तिथला मोठा फुगवटा नसांच्या आणि हाडांच्या इतक्या दाटीत असतो की क्लिप लावायला हात पोहोचणेच कठीण होते. अशा वेळी पूर्वी कित्येकदा ती धमनीच कायमची बंद करावी लागे.

धमनीच्या आतूनच तिथवर पोहोचण्याची वाट हळूहळू तयार झाली. लिस्बनमध्ये एगाश मोनिझ यांनी १९२७ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने मेंदूच्या धमन्यांचे चित्र घेतले. मॉस्कोच्या फ्योदोर सेर्बिनेन्को यांनी धमनीत सोडून देता येणारा फुगा वापरल्याचे काम १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. खरा पालट झाला तो १९९० मध्ये, जेव्हा इटलीचे ग्विदो गुग्लिएल्मी यांनी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात आपली प्लॅटिनमची कॉइल, म्हणजे बारीक तारेचे वेटोळे, पहिल्या रुग्णात बसवली. ही कॉइल स्टीलच्या तारेच्या टोकाला जोडलेली असते. ती फुगवट्यात सरकवून पाहता येते, बेत जमला नाही तर परत ओढून घेता येते, आणि जागेवर नीट बसल्याची खात्री पटल्यावरच तारेतून अतिशय क्षीण वीजप्रवाह सोडला जातो. त्याने जोडणीचे स्टील विरघळते, प्लॅटिनम मात्र तसेच राहते. माझ्या मते या उपचाराचे सारे यश ‘परत ओढता येणे’ या एका सोयीवर उभे आहे, कारण मेंदूच्या धमनीत चुकीच्या जागी सुटलेली वस्तू बाहेर काढणे फार अवघड असते.

फुटलेल्या फुगवट्यांच्या बाबतीत क्लिप आणि कॉइल यांची तुलना करणारी आयसॅट ही आंतरराष्ट्रीय चाचणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात २,१४३ रुग्ण होते. वर्षभरानंतर मृत्यू पावलेल्या किंवा दुसऱ्यावर अवलंबून राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण कॉइलच्या गटात २३.७ टक्के, तर क्लिपच्या गटात ३०.६ टक्के आढळले. मात्र त्या चाचणीतील बहुतेक फुगवटे लहान होते, हे विसरून चालणार नाही.

मोठ्या फुगवट्याची खरी अडचण त्याच्या मानेत असते. मान ४ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असेल, तर कॉइलची वेटोळी आत टिकत नाहीत. परातीत ठेवलेल्या वस्तूंसारखी ती काठावरून घसरून मूळ धमनीत येतात, आणि तिथे गुठळी झाली तर पक्षाघात होऊ शकतो. शिवाय फुगवटा कितीही दाबून भरला, तरी त्याच्या आकारमानाचा साधारण पाव भागच प्लॅटिनमने व्यापला जातो आणि उरलेली जागा गोठलेल्या रक्ताने भरते. रक्ताच्या सततच्या धक्क्यांनी हे भरण काही महिन्यांत दबते आणि मानेपाशी पुन्हा पोकळी तयार होते. फुगवटा जितका मोठा, तितकी ही शक्यता अधिक.

स्टेंट येतो तो इथे. रुग्णाला भूल दिल्यावर जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून कॅथेटर, म्हणजे एक लांब बारीक नळी, रुग्णाच्या गळ्यातील धमनीपर्यंत नेतात आणि त्यातून अधिक बारीक असे दोन मायक्रोकॅथेटर पुढे जातात. एकाचे टोक फुगवट्याच्या आत ठेवतात. दुसऱ्यातून निकेल आणि टायटॅनियमच्या नायटिनॉल या मिश्रधातूची जाळीदार नळी, म्हणजेच स्टेंट, फुगवट्याच्या मानेसमोर उलगडतात. कॅथेटरच्या बाहेर येताच ती आपला मूळ आकार घेते. पहिले मायक्रोकॅथेटर आता स्टेंट आणि धमनीची भिंत यांच्यामध्ये अडकून जागेवर स्थिर राहते. त्यातून आधी पोकळीच्या भिंतीला टेकणारी मोठी वेटोळी, मग आतली जागा भरणारी लहान वेटोळी सोडली जातात. पडद्यावर एकेक काळी रेघ गोल फिरत आत बसताना दिसते आणि जाळी तिला धमनीत येऊ देत नाही.

पुढची पायरी म्हणजे फ्लो डायव्हर्टर. या स्टेंटची वीण इतकी दाट असते की फुगवट्यात जाणारा प्रवाह मंदावतो, आत रक्त गोठते आणि जाळीवर धमनीचे नवे अस्तर चढते. कॅरोटिडच्या मोठ्या, रुंद मानेच्या फुगवट्यांसाठी पाइपलाइन या फ्लो डायव्हर्टरला अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली. ज्या चाचणीवर ही मान्यता आधारलेली होती, तिच्यात सुमारे ७४ टक्के फुगवटे सहा महिन्यांत, ८७ टक्के वर्षभरात आणि ९५ टक्के पाच वर्षांत पूर्ण बंद झालेले दिसले. काळाबरोबर निकाल सुधारत जाणे हे निव्वळ कॉइलच्या अनुभवाच्या अगदी उलट होते. मात्र बंद होण्याच्या या काळात एखादा मोठा फुगवटा क्वचित फुटतो, म्हणून काही डॉक्टर सोबत थोड्या कॉइलही भरतात.

नायटिनॉलचा फ्लो डायव्हर्टर भारतातही विकसित झाला आहे. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेच्या सहकार्याने तो तयार केला आणि त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या बायोरॅड मेडिसिस या कंपनीकडे सोपवले. या उपचारात साहित्याचाच खर्च इतका मोठा असतो की अशा प्रयत्नांकडे मी फार आशेने पाहतो.

त्वचेवरची जखम लहान असली, तरी उपचार लहान नसतो. धमनीत धातू राहिल्यामुळे गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल किंवा तत्सम गोळी, अशी दोन औषधे काही महिने आणि त्यानंतर बहुधा अ‍ॅस्पिरिन दीर्घकाळ घ्यावी लागते. फुगवटा नुकताच फुटलेला असेल, तर हीच औषधे रक्तस्राव वाढवू शकतात. म्हणून त्या वेळी डॉक्टर शक्यतो स्टेंट टाळतात. काही लोकांच्या यकृतातील एका विकरात (एन्झाइममध्ये) जन्मतःच असा फरक असतो की क्लोपिडोग्रेलचा त्यांच्यावर पुरेसा परिणाम होत नाही. दक्षिण आशियात हे प्रमाण मोठे असल्याने अनेक ठिकाणी रक्ताची तपासणी करून गरजेप्रमाणे दुसरी गोळी देतात. घरी परतल्यावर दात काढायचा असो वा दुसरी कोणती शस्त्रक्रिया असो, स्टेंट बसवणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्या एक दिवसही बंद करू नयेत, आणि साधारण सहा महिन्यांनी होणारी फेरतपासणीची अँजिओग्राफी, म्हणजे धमन्यांचे चित्र घेण्याची तपासणी, बरे वाटते म्हणून टाळू नये.