टाइम-सिरीज क्लस्टरिंग
टाइम-सिरीज क्लस्टरिंग म्हणजे वेळेच्या क्रमानं घेतलेल्या नोंदी, रोजचा पाऊस, तासातासाची नदीची पातळी, असलं काहीही, त्यांच्या चालीवरून गटात लावायच्या. गट आधी कुणी सांगितलेले नसतात, डेटातूनच काढायचे.

आपल्या बेळगाव भागात हे लगेच कळतं. कणकुंबी घाटमाथ्यावर, जुलैत नुसता धो धो पाऊस, आणि त्याच जिल्ह्यातलं अथणी पर्जन्यछायेत, तिथं जोर सप्टेंबरकडं. आकडे आहेत तसेच दिले तर कणकुंबी एवढं मोठं दिसतं की बाकीची गावं एकाच गठ्ठ्यात जातात. म्हणून प्रत्येक मालिकेतून तिची सरासरी वजा करून प्रमाण विचलनानं भागतात, मग उरतो फक्त आकार. पण धरणात पाणी किती येणार हे बघायचं असेल तर असं मुळीच करू नका, तिथं किती पडला हेच महत्त्वाचं. हे आधी ठरवलं नाही तर कोड कितीही फास्ट असू दे, गट चुकणारच.

दुसरी भानगड उशिराची. मलप्रभेचं खानापुरात चढलेलं पाणी सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ धरणाला नंतर पोचतं, त्यामुळं दिवसाला दिवस लावून फरक काढला तर एकच पूर दोन वेगळे वाटतात. डायनॅमिक टाइम वॉर्पिंग वेळ ताणून-आवळून त्यांना जुळवतं, पण महाग पडतं: 365 दिवसांच्या दोन मालिकांना, एकीचा प्रत्येक दिवस दुसरीच्या प्रत्येक दिवसाशी ताडायचा म्हणून, 1,33,225 घरांचा तक्ता, आणि 10,000 मालिका असल्या की जोड्या 4,99,95,000. साकोए आणि चिबा यांनी 1978 मध्ये मांडलेली पट्टी इथं कामाला येते, अलीकडं-पलीकडं 10 दिवसच बघितले तर घरं 7,555 वर येतात. पट्टी किती रुंद ठेवायची ते नदीला विचारून ठरवावं, पाणी पोचायला लागतं तेवढीच.

त्याहून मोठी बचत म्हणजे सगळ्या जोड्या मोजायच्याच नाहीत, 8 केंद्रं, म्हणजे गटागटाच्या नमुना मालिका, धरली तर एका फेरीत फक्त 80,000 तुलना होतात. फक्त केंद्र काढताना साधी सरासरी घेतली की मागंपुढं झालेले पूर एकमेकांत मिसळून सपाट होतात, त्यासाठी 2011 पासून डीबीए नावाची वेगळी सरासरी आहे, ती आधी वॉर्पिंगनं मालिका जुळवून मग काढतात. 2015 चं के-शेप नावाचं तंत्र तर वॉर्पिंग करतच नाही, अख्खी मालिका पुढंमागं सरकवून आकार जुळवतं आणि फूरिए ट्रान्सफॉर्म, म्हणजे मालिका लाटांत फोडायची गणिती रीत, वापरत असल्यानं खूप झटपट होतं, मलप्रभेसारख्या सरळ उशिराला मी आधी तेच लावून बघेन.