दुपारी आपोआप सांडणारे पाणी : पिल्लांच्या ड्रिंकरचे विज्ञान

विदर्भातील अनेक गावांत परसातील कोंबडीपालनासाठी लहान पिल्ले उन्हाळ्याच्या तोंडावर आणली जातात, आणि एप्रिल लागला की एक तक्रार हमखास कानावर येते. सकाळी नीट लावलेल्या प्लॅस्टिकच्या ड्रिंकरमधून दुपारी कोणी हात न लावता पाणी सांडते आणि खालची तुसाची गादी ओली होते. बहुतेक जण भांडे फुटले असे समजून नवे आणतात. नवेही तसेच वागू लागले की कोणी दुकानदाराला बोल लावतो, तर कोणी खुराड्याच्या दाराला लिंबू-मिरची बांधतो. भांडे मात्र शाबूत असते. त्याच्या आत कोंडलेली हवा तापून फुगत असते, आणि हे एकदा समजले की कोणते भांडे घ्यावे, ते कुठे ठेवावे आणि किती भरावे हे बरेचसे आपोआप ठरते.

हे ड्रिंकर म्हणजे ताटलीवर पालथी घातलेली बरणी. बरणीच्या तोंडाजवळ, ताटलीच्या काठापेक्षा थोडे खाली, एक छिद्र असते. पाणी ताटलीत त्या छिद्राच्या वरच्या कडेपर्यंत येते आणि थांबते. आत पोकळी तयार होऊन ती पाणी ओढून धरते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात पाणी ओढून धरणारे आत काहीही नसते, बाहेरची हवा ताटलीतील पाण्यावर दाब देऊन बरणीतील पाण्याला तोलून धरते. हवेला वजन असते आणि ती आपल्या भोवतालच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर जवळपास १ किलोचा भार टाकते, हे इव्हान्जेलिस्टा तोरिचेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाच्या १६४३ सालच्या पाऱ्याच्या प्रयोगातून स्पष्ट झाले. एवढा दाब सुमारे १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलू शकतो. आपल्या बरणीतील स्तंभ जेमतेम २० सेंटीमीटरचा असतो, म्हणून त्याला तोलण्यासाठी आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा केवळ २ टक्क्यांनी कमी असला तरी पुरते. पिल्ले पाणी पितात, ताटलीतील पातळी छिद्राच्या खाली जाते, हवेचा एक बुडबुडा आत शिरतो, आतला दाब किंचित वाढतो, तेवढे पाणी खाली उतरते आणि छिद्र पुन्हा झाकले जाते. या साऱ्यात एकही हलणारा भाग नाही, वीज नाही, तोटी नाही, आणि तरीही पातळी दिवसभर जागच्या जागी राहते. साध्या उपकरणांत इतके देखणे उपकरण मला दुसरे ठाऊक नाही.

पाण्याची पातळी छिद्र ठरवते, यातूनच एक व्यावहारिक गोष्ट निघते. जमीन तिरकी असेल आणि छिद्र उंच बाजूला आले, तर पाणी त्या उंचीपर्यंत चढू पाहते आणि सखल बाजूच्या काठावरून वाहत राहते, बरणी रिकामी होईपर्यंत. सपाट विटांवर भांडे ठेवावे. ते शक्य नसेल तर छिद्र सखल बाजूला येईल असे फिरवून घ्यावे. बरणीच्या वरच्या भागाला केसाएवढी जरी चीर पडली, तरी बाहेरची हवा आत शिरून दोन्हीकडचा दाब सारखा होतो आणि सगळे पाणी उतरते. म्हणून नवे भांडे विकत घेतल्यावर ते भरून एक रात्र सावलीत ठेवून पाहावे.

आता दुपारच्या सांडण्याकडे येऊ. समजा, ५ लिटरची बरणी निम्मी भरलेली आहे, म्हणजे आत अडीच लिटर हवा आहे. सकाळी तिचे तापमान २५ अंश सेल्सिअस होते आणि दुपारी पत्र्याच्या छपराखाली ते ४५ अंशांवर गेले. वायूचे आकारमान निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढते. निरपेक्ष तापमान म्हणजे सेल्सिअस अंशांत २७३ मिळवून येणारे केल्विन. २९८ केल्विनवरून ३१८ केल्विनवर जाताना ही वाढ सुमारे ७ टक्के होते. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या सायकलची गच्च भरलेली ट्यूब फुटते, त्यामागेही हवेचा हाच गुण आहे. पण बरणीतील हवा कोरडी नसते, ती पाण्याच्या वाफेने भरलेली असते, आणि खरी गंमत इथे आहे. २५ अंशांना या वाफेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ३ टक्के असतो, तर ४५ अंशांना तो जवळपास १० टक्क्यांवर जातो. आतला एकूण दाब बाहेरच्या वातावरणाने जवळजवळ बांधून दिलेला असल्यामुळे, वाफेचा वाटा वाढला की हवेच्या वाट्याला कमी दाब येतो, आणि कमी दाबावर तीच हवा जास्त जागा व्यापते. ही वाढ आणखी ७ टक्के धरावी लागते. दोन्ही मिळून सुमारे १४ टक्के, म्हणजे अडीच लिटरवर साडेतीनशे मिलिलिटर. एवढे पाणी बरणीतून ताटलीत ढकलले जाते. हळूहळू तापले तर त्यातले काही पिल्ले पिऊन टाकतात. पण उन्हाची तिरीप थेट बरणीवर आली की सगळे थोड्या वेळात घडते आणि काठावरून पाणी जाते.

रात्री उलटे चक्र फिरते. हवा थंड होऊन आकसते आणि ताटलीतील पाणी छिद्रातून बरणीत परत जाते. ते आता सकाळचे स्वच्छ पाणी नसते, त्यात विष्ठा, खाद्याचे कण आणि तूस मिसळलेले असते. बरणीत वरून निर्मळ दिसणारे पाणी चार दिवस न बदलता ठेवू नये, याचे हे कारण आहे. ताटलीसोबत बरणीही रोज आतून घासून धुवावी.

यावरचा उपाय वरवर पाहता उलटा वाटेल. दुपारचे सांडणे थांबवायचे असेल, तर बरणी कमी भरू नये. सकाळी अकराच्या सुमारास ती काठोकाठ भरावी. फुगते ती मुख्यतः हवा, आणि आत पाव लिटरच हवा उरली तर तिची वाढ ३५ मिलिलिटरच्या आसपास राहते. पाणी स्वतःही तापून थोडे, जवळपास तेवढेच, वाढते. पण एवढी भर ताटली सहज सामावून घेते. त्याच्या जोडीला भांडे दिवसभर सावलीत राहील अशी जागा निवडावी आणि बरणीभोवती ओले गोणपाट गुंडाळावे. विदर्भातील उन्हाळ्याची कोरडी हवा गोणपाटातील पाणी झपाट्याने सुकवते आणि त्या बाष्पीभवनाने आतले पाणी थंड राहते.

पाणी थंड राहणे ही चैन नव्हे. कोंबडीला घर्मग्रंथी नसतात आणि तिच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश असते. चंद्रपूर किंवा ब्रह्मपुरीकडे हवा ४५ अंशांच्या वर गेली की शरीराची उष्णता नुसती हवेला देऊन टाकण्याची वाट बंद होते आणि चोच उघडी ठेवून धापा टाकत श्वासावाटे पाणी उडवणे, हाच मार्ग उरतो. एरवी कोंबडी खाद्याच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून बरेच जास्त. आणि पाणी गरम झाले की नेमके तेव्हाच ती कमी पिते.

सांडलेल्या पाण्याची खरी किंमत गादीत मोजावी लागते. रक्ती हगवण घडवणारे आयमेरिया हे परजीवी विष्ठेतून बीजकोशांच्या रूपात बाहेर पडतात. बाहेर पडताना ते रोग देण्याच्या अवस्थेत नसतात. ओलावा, ऊब आणि ऑक्सिजन मिळाला की एक-दोन दिवसांत ते त्या अवस्थेला पोहोचतात, आणि ड्रिंकरभोवतीच्या ओल्या तुसात हे तिन्ही आयते मिळते. तीन ते सहा आठवड्यांची पिल्ले याला सर्वाधिक बळी पडतात. अशी मर लागली की ती नजर लागल्याने किंवा मरीआईच्या कोपाने आली, असे आजही काही ठिकाणी मानले जाते आणि उताऱ्यासाठी उरलेल्या पिल्लांतील एक बळी जाते. त्या पिल्लाचा जीव उगाच जातो. तोच वेळ ओले तूस उचलून कोरडे टाकण्यात आणि पशुवैद्यकाला विष्ठा दाखवण्यात घालवला, तर बाकीची वाचतात.

पहिल्या आठवड्यात १ ते २ लिटरचे, उथळ आणि अरुंद ताटलीचे ड्रिंकर घ्यावे आणि ताटलीत धुतलेले गोटे टाकावेत, म्हणजे पिल्लू त्यात पडून भिजत नाही. पुढे भांड्याचा काठ पिल्लाच्या पाठीच्या उंचीला येईल अशा रीतीने विटा वाढवत न्याव्या. कोंबडी पाणी शोषून पीत नाही, चोचीत घेऊन मान वर करते आणि ते घशात उतरू देते. काठ फार खाली असला की चोचीतून पाणी गळते आणि पायांनी उकरलेले तूस ताटलीत पडते.

फीडरच्या, म्हणजे खाद्याच्या भांड्याच्या, बाबतीत नियम सोपे आहेत. पहिले एक-दोन दिवस कागदावर भरडा पसरावा. त्यानंतर छिद्रांचे किंवा जाळीचे झाकण असलेला फीडर ठेवावा, कारण उघड्या ताटात पिल्ले आत उभी राहून उकरतात. सुरुवातीला प्रत्येक पिल्लामागे अडीच सेंटीमीटर काठ मिळावा, तिसऱ्या आठवड्यानंतर ५ सेंटीमीटर. फीडर निम्म्याहून अधिक भरू नये, आणि तो ड्रिंकरला चिकटून ठेवू नये, कारण भिजलेल्या मक्याच्या भरड्याला किंवा तांदळाच्या कणीला उन्हाळ्यात एका दिवसात बुरशी धरते.

राहिला प्रश्न निपल ड्रिंकरचा, ज्याची मोबाइलवरील चित्रफितींतून सध्या जोरदार जाहिरात चालते. यात बादलीतून आलेल्या नळीला बारीक दांड्याची निपले बसवलेली असतात, आणि पिल्लाने दांडा चोचीने ढकलला की पाण्याचे थेंब येतात. पाणी बंद नळीत राहत असल्यामुळे ते स्वच्छ राहते आणि गादी कोरडी राहते, हे दावे खरे आहेत. एकदा लावले की पाहायलाच नको, हा दावा खरा नाही. उन्हात नळीतील थोडेसे पाणी लगेच कढत होते, आणि जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्याच्या गावांत आतल्या बारीक दांड्यावर क्षार बसून निपल अडकते किंवा गळू लागते. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे जमिनीतले पाणीच खारे असलेल्या खारपाणपट्ट्यात, ही अडचण आणखी वाढते. तिथे निपल लावायचेच असेल, तर बादलीत पावसाचे साठवलेले किंवा नळयोजनेचे गोडे पाणी वापरावे, प्रत्येक निपल रोज बोटाने दाबून पाहावे, आणि पिल्लांना त्याची सवय होईपर्यंत बाजूला बरणीचे ड्रिंकर भरलेले असू द्यावे.