तांबोशी आणि डेंटेक्स: सुळे सारखे, कूळ वेगळं

बेळगावात समुद्र नाही, पण गोवा, कारवार आणि मालवणची मासळी घाट चढून येते. त्यामुळे तांबोशी कशी दिसते हे इथल्या खवय्यांना सांगावं लागत नाही. घोटाळा होतो तो दूरदेशी. जहाजावर नोकरीला असलेला खानापूर-निपाणीकडचा कुणी भूमध्य समुद्रावरच्या बाजारातून सुळेवाल्या गुलाबीसर माशाचा फोटो पाठवतो आणि खाली लिहितो, "इथंपण तांबोशी!" बहुतेक वेळा तो डेंटेक्स नावाचा तिकडचा मासा असतो.

चूक समजण्यासारखी आहे. दोघांचंही डोकं थोराड, पुढचे दात सुळ्यांसारखे आणि धंदा एकच, शिकार. पण तांबोशी स्नॅपर कुळातली आणि डेंटेक्स सी ब्रीमच्या. रंगावर तर मुळीच जाऊ नये. डेंटेक्स लहानपणी निळसर-राखाडी असतो, अंगावर काळे ठिपके असतात, आणि वय वाढेल तशी लाली चढते. माझ्या मते खात्रीची खूण टाळूवर आहे. स्नॅपरच्या टाळूला बोट लावलं तर बारीक दात खरखरतात, सी ब्रीमची टाळू गुळगुळीत लागते. नुसता फोटोच असेल तर पाठीच्या परातले टणक काटे मोजा: डेंटेक्सला 11, खाडीतल्या तांबोशीला 10.

राहणीही निराळी. तांबोशीची पिल्लं खाडीत, कांदळवनाच्या मुळांत वाढतात, पार गोड्या पाण्यापर्यंत शिरतात आणि मोठी झाल्यावर खोल समुद्रातल्या खडकांकडे जातात. डेंटेक्स खाडीच्या वाटेला फारसा जात नाही. तो बहुधा 15 ते 50 मीटर खोलीवर खडकाळ तळाशी असतो. लहानपणी घोळक्यात, मोठेपणी बहुतेक एकटा, मासे आणि माकूल मारत. एक मीटरपर्यंत वाढतो, वीस वर्षांहून जास्त जगतो.

त्याच्या कुळात एक अजब रीत आहे. अनेक सी ब्रीम आयुष्यात लिंग बदलतात. आपल्या खाड्यांतला काळा ब्रीमसुद्धा आधी नर असतो, मग मादी होतो. डेंटेक्स मात्र सहसा तसं करत नाही, नर तो नर, मादी ती मादी. वसंतात पाणी कोमट होऊ लागलं की अंडी घालतो. एवढं दीर्घायुष्य असूनही बेसुमार मासेमारीने त्याची संख्या घटली आहे, आणि निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय यादीत तो धोक्यातल्या जातींमध्ये मोडतो.