नळीत साचलेलं तांबं

सॉल्व्हंटमध्ये भिजवलेली चिंधी गजाने रायफलच्या नळीतून आरपार ढकलली आणि ती निळीशार होऊन बाहेर आली, की समजावं, आत तांबं बसलंय. काळी चिंधी जळलेल्या दारूची. ती दोन-चार फेऱ्यांत निवळते. निळी मात्र पिच्छा सोडत नाही. त्यात नळी आतून खरबरीत असेल तर बघायलाच नको.

तांबं आलं गोळीच्या जॅकेटमधून, म्हणजे तिच्यावरच्या धातूच्या आवरणातून. १८८०च्या दशकात बिनधुराची दारू आली, गोळ्यांचा वेग वाढला आणि नुसतं शिसं नळीतल्या सर्पिल खाचांना टिकेना. स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिनने त्याआधीच, १८८२ साली, शिशाला तांब्याचं आवरण चढवलं. आज त्यात साधारण ९५ टक्के तांबं आणि ५ टक्के जस्त असतं. (कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटरमध्ये कांस्य जिंकलं, त्या प्रकारात ही कटकट नाही. ०.२२ इंची ती गोळी शिशाचीच असते.)

७.६२ मिमीच्या नळीत जाणारी गोळी प्रत्यक्षात ७.८२ मिमीची असते. खाचांमधले उंचवटे तिच्या अंगात रुतावेत आणि तिला पीळ मिळावा, म्हणून हा फरक मुद्दाम ठेवलेला. जुन्या अमेरिकन स्प्रिंगफील्ड रायफलमधून ती सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने सुटे, तेव्हा स्वतःभोवती सेकंदाला ३,२००च्या आसपास फेरे घेत असे. एवढ्या घर्षणात गुळगुळीत पोलादावरही तांब्याचा पातळ थर राहतोच. पण नळी कोरताना रीमरने (भोक मापात आणणाऱ्या हत्याराने) आडवे ओरखडे सोडले असतील, तर गोळी किसणीवरून ओढल्यासारखी जाते. एकदा तांबं अडकलं की पुढच्या गोळीचं तांबं त्याला आणखी चिकटतं. वर काजळी, तिच्यावर पुन्हा तांबं. म्हणून एकच सॉल्व्हंट घेऊन बसणं व्यर्थ. काजळी आणि तांबं आळीपाळीने काढावं लागतं.

याच स्प्रिंगफील्डने अमेरिकन सैन्याला बराच ताप दिला. १९०६च्या काडतुसातल्या गोळीचं जॅकेट तांबं-निकेलचं होतं, आणि त्याचे डोळ्यांना दिसतील असे गोळे नळीच्या तोंडाजवळ साचत. फ्रेंच तोफखाना दारूबरोबर कथिल घालून तांबं काढत असे. त्यावरून अमेरिकेतल्या १९२१च्या राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धेसाठी गोळ्यांवर कथिलाचा मुलामा दिला गेला. नळ्या स्वच्छ राहिल्या, पण कथिल काडतुसाच्या पितळी गळ्याला घट्ट चिकटून बसलं. त्यावर नेमबाजांनी सवयीने ग्रीस फासलं आणि दाब धोकादायक वाढला. अखेर १९२२ साली निकेल वगळून तांबं-जस्ताचं जॅकेट आलं.

तोवरचा उपाय म्हणजे तीव्र अमोनिया, आणि त्याची मेख बघण्यासारखी आहे. नुसता अमोनिया तांब्याला विरघळवत नाही. आधी ऑक्सिजनने तांब्याचे इलेक्ट्रॉन काढून घ्यायचे. मग सुटलेल्या तांब्याच्या आयनला अमोनियाचे चार रेणू घेरतात आणि तो गडद निळा रंग येतो. जुन्या मिश्रणात हे पहिलं काम अमोनियम परसल्फेट करत असे. आजच्या अमोनियायुक्त सॉल्व्हंटला ते हवेकडून करून घ्यावं लागतं, म्हणून नळी काठोकाठ भरण्यापेक्षा पातळ ओला थर देऊन थोडा वेळ थांबणं बरं. पितळी ब्रश मात्र नको. त्यातही तांबंच असतं, त्यामुळे नळी साफ झाली तरी चिंधी निळीच येते. नायलॉनचा वापरावा.

खरबरीत नळीत पांढऱ्या चिंधीचा हट्ट धरू नये, असं माझं मत. खड्ड्यांत बसलेलं तांबं थोडीफार भरणीच करतं. ते पूर्ण खरवडलं की पहिल्या काही गोळ्या विखुरतात आणि भरणी झाल्यावरच नेम पुन्हा बसतो. खरा इलाज लॅपिंगचा: नळीतच शिसं ओतून तिच्या मापाचा बोळा करायचा, त्याला बारीक घासणपूड लावायची आणि आडव्या ओरखड्यांची टोकं मोडेपर्यंत पुढेमागे फिरवायचा. तेही जाणत्या गनस्मिथकडून, कारण जास्त घासलं तर नळीचं माप जातं. दारूच्या उष्णतेने नळीच्या सुरुवातीला पडलेल्या भेगा मात्र याने बुजत नाहीत.

रायफल पावसाळाभर कपाटात राहणार असेल, तर हा सल्ला उलटा करावा. दमट हवेत तांबं आणि पोलाद मिळून एक छोटी बॅटरी तयार होते आणि तिच्यात झिजतं ते लोखंड, तांबं नाही. अशा वेळी तांबं शक्य तितकं काढायचं, अमोनिया पुसून घ्यायचा आणि तेलाचा हात फिरवायचा.