प्लॅस्टिकचे जैव विघटन (सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात)

जीवाणू किंवा त्यांची एंझाइमे (रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने) वापरून प्लॅस्टिकमधील बहुवारिकांच्या (पॉलिमरांच्या) लांब साखळ्या तोडणे व मूळ घटक परत मिळविणे, या प्रक्रियेस प्लॅस्टिकचे जैव विघटन म्हणतात. एंझाइमांत जनुकीय फेरबदल करता येऊ लागल्यापासून तिचा वेग पुष्कळ वाढला आहे. तथापि ती आजमितीस खात्रीने लागू पडते ती मुख्यत्वे पाण्याच्या व शीतपेयांच्या बाटल्यांच्या प्लॅस्टिकला, म्हणजे पॉलिएथिलीन टेरेप्थॅलेटला (पेट).

जपानमधील साकाई येथे बाटल्यांच्या पुनर्वापर केंद्राच्या परिसरातून घेतलेल्या सु. २५० नमुन्यांतून आयडिओनेला साकाइएन्सिस हा जीवाणू मिळाला. त्याविषयीचा शोधनिबंध २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पेटेज व एमएचइटेज ही त्याची दोन एंझाइमे पेटचे जलीय विच्छेदन करून (पाण्याच्या साहाय्याने बंध तोडून) टेरेप्थॅलिक अम्ल व एथिलीन ग्लायकॉल वेगळे करतात. ३०° से. तापमानाला पेटची पातळ पटले सुमारे सहा आठवड्यांत नष्ट झाली. ही पटले अत्यंत कमी स्फटिकतेची (रेणूंची रचना घट्ट व शिस्तबद्ध नसलेली) होती, बाटलीचे पेट मात्र बरेच अधिक स्फटिकी असते, असा आक्षेप त्याच वर्षी घेतला गेला व तो महत्त्वाचा आहे.

या एंझाइमांच्या उगमाबद्दल एकमत नाही. पेटचा शोध १९४१ च्या सुमारास ब्रिटनमध्ये लागला. त्याच्या बाटल्या १९७० नंतरच्या. एवढ्या अल्प काळात जीवाणूंत नवे एंझाइम उत्क्रांत झाले, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार ही मूळची क्यूटिन पचविणारी एंझाइमे होत. क्यूटिन हे पानांवरील मेणचट आवरणातील बहुवारिक असून पेटप्रमाणेच त्यातही एस्टर बंध (पाण्याच्या क्रियेने तुटू शकणारे दुवे) असतात. ओसाकातील एका उद्यानातल्या पालापाचोळ्याच्या खतातून २०१२ मध्ये मिळालेले क्यूटिनेज पेटही तोडते, आणि एमएचइटेजचे नाते वनस्पतींतील टॅनिन तोडणाऱ्या एंझाइमांशी दिसते. हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. साकाईच्या जीवाणूत अलीकडे काही जुळवणूक झाली असणे मात्र त्याने नाकारले जात नाही.

वरील क्यूटिनेजमध्ये चार ठिकाणी बदल करून फ्रान्समधील संशोधकांनी २०२० मध्ये ७२° से.ला दहा तासांत सु. ९० टक्के पेट विघटित केले. पेट ६५–७० अंशांच्या पुढे मऊ पडू लागते, म्हणून एंझाइम उष्णता सोसणारे असावे लागते. बाटल्या आधी वितळवून, त्यांची स्फटिकता घटवून बारीक भुकटी करावी लागते, हेही लक्षात घेतले पाहिजे. टेक्सास विद्यापीठात २०२२ मध्ये संगणकीय पद्धतीच्या मदतीने पाच बदल करून घडविलेले पेटेज ५० अंशांपर्यंतच्या तापमानात प्रभावी ठरले.

पॉलिएथिलीन व पॉलिप्रोपिलीन या इतर प्लॅस्टिकांच्या साखळ्या मात्र केवळ कार्बन-कार्बन बंधांच्या असून त्यांत पाण्याने तुटणारा दुवाच नसतो. मेणकिड्याच्या (मधमाश्यांच्या पोळ्यातील मेण खाणाऱ्या किड्याच्या) अळ्या पॉलिएथिलीनचे विघटन करतात, हे २०१७ चे निष्कर्ष वादग्रस्त आहेत.

सातारा-सांगली परिसराच्या दृष्टीने हाच भेद कळीचा आहे. महाबळेश्वर, पाचगणी, कास येथे पर्यटक टाकून जातात त्या बाटल्या पेटच्या. त्या वेगळ्या गोळा केल्यास या प्रक्रियेत बसतात. तासगाव, मिरज, वाळवा भागांतील मळ्यांतले मल्चिंग पेपर, ठिबकच्या नळ्या, द्राक्षबागांवरील आच्छादने आणि खतांची पोती मात्र प्रामुख्याने पॉलिएथिलीन व पॉलिप्रोपिलीन यांची. कृष्णेचा पूर ओसरल्यावर काठच्या झाडांना अडकून राहणाऱ्या पिशव्याही त्याच जातीच्या. त्यांचे तुकडे रानाच्या मातीत मिसळत आहेत, ही गंभीर बाब आहे, आणि त्यांवर आज कोणतेही एंझाइम उपाय ठरलेले नाही.

उसाच्या पानावरही क्यूटिनचे आवरण असते व कुजणारा ढीग ६० अंशांवर तापू शकतो. त्यामुळे या भागातील पाचटाच्या खतांत उष्णतास्थिर क्यूटिनेजांचा शोध घेणे सयुक्तिक ठरेल.

जनुकीय फेरबदल केलेले जीवाणू उघड्यावर सोडण्यास भारतात १९८९ च्या नियमांनुसार केंद्रीय समितीची पूर्वपरवानगी लागते. एंझाइम बंद टाकीत वापरल्यास जिवंत जीवाणू नदीत वा शेतात सोडावा लागत नाही; प्रचलित औद्योगिक प्रयत्न याच पद्धतीचे आहेत.