मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को : हवाई अंतराचे गणित

प्रशांत महासागर मध्यभागी असलेल्या भिंतीवरच्या मर्केटर नकाशावर (गोल पृथ्वी सपाट आयतावर मांडणारा नकाशा) मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को ही दोन ठिकाणे पट्टीने जोडली, तर ती रेघ दक्षिण चीनवरून प्रशांत महासागर ओलांडत जाते आणि तिची प्रत्यक्ष लांबी सुमारे १६,१५० किलोमीटर भरते. पृथ्वीच्या गोलावर याच दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो हिमालय, मध्य आशिया व सैबेरिया ओलांडून जवळजवळ ७७ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो, आर्क्टिक महासागरावरून अलास्कात उतरतो आणि केवळ १३,५०० किलोमीटरांत काम भागते. ज्याचे केंद्र पृथ्वीच्याच केंद्राशी जुळते, अशा वर्तुळाचा हा भाग असतो; त्या वर्तुळाला बृहद्वृत्त म्हणतात.

हे अंतर काढण्यासाठी उत्तर ध्रुव हा तिसरा बिंदू धरून गोलावर एक त्रिकोण कल्पिला जातो. मुंबई विमानतळाचा अक्षांश १९.०९ अंश, म्हणून ध्रुवापासून तो ७०.९१ अंशांवर आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा अक्षांश ३७.६२, म्हणून तेथील विमानतळ ५२.३८ अंशांवर आहे; आणि दोघांच्या रेखांशांतील फरक, म्हणजेच ध्रुवापाशी होणारा कोन, १६४.७६ अंशांचा आहे. दोन बाजूंच्या कोसाइनांच्या गुणाकारात, त्यांच्या साइनांचा व मधल्या कोनाच्या कोसाइनचा गुणाकार मिळवला की तिसऱ्या बाजूचा कोसाइन हाती येतो. येथे तो उणे ०.५२२६ आहे, म्हणजे दोन्ही विमानतळ पृथ्वीच्या केंद्राशी सुमारे १२१.५ अंशांचा कोन करतात. सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरल्यास एका अंशामागे १११.२ किलोमीटर पडतात. उरतो तो साधा गुणाकार. वैमानिकांचे काम तर आणखी सोपे आहे, कारण सागरी मैल मुळात एका कलेएवढाच (अंशाच्या साठाव्या भागाएवढाच) ठरवलेला असल्याने अंशांना ६०ने गुणले की ७,२९० सागरी मैल हे उत्तर मिळते.

मुंबई–पुण्यासारख्या जवळच्या ठिकाणांसाठी मात्र हे सूत्र अडचणीचे ठरते. तेथे कोसाइन १च्या इतका जवळ जातो की मोजक्या दशांश स्थळांत अंतर हरवूनच जाते. म्हणून संगणकात बहुधा हॅव्हरसाइन सूत्र वापरतात.

शिवाय पृथ्वी नेमकी गोल नाही. विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवीय त्रिज्या ६,३५७ किलोमीटर असल्यामुळे गोल धरून केलेल्या हिशेबात अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक राहू शकते. ती टाळण्यासाठी थॅडियस व्हिन्सेंटी यांनी १९७५ साली मांडलेल्या पद्धतीसारखी विवृत्ताभावरची, म्हणजे ध्रुवांपाशी किंचित चपट्या गोलावरची, सूत्रे आहेत. तिकिटावरच्या अंतरासाठी त्यांची गरज नाही, असे माझे मत.

इतके करूनही जे मिळते ते किमान अंतर. उड्डाणाचा मार्ग वारा, बंद हवाई हद्दी आणि आणीबाणीत उतरता येतील असे विमानतळ पाहून आखला जातो. ऑक्टोबर २०१६मध्ये एअर इंडियाचे दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून नेण्यात आले, तेव्हा त्याने सुमारे १५,३०० किलोमीटर कापले. अटलांटिकवरचा नेहमीचा मार्ग याहून कमी लांबीचा होता, तरीही पश्चिमेकडून वाहणारा वारा पाठीशी मिळाल्यामुळे हा लांबचा प्रवास साडेचौदा तासांत, म्हणजे नेहमीपेक्षा लवकर, पूर्ण झाला.